विहीणबाईंचा वरचा प्लॉट

भोगी

मोहर आलेला असताना बाग सोडून कोणी गावाला जातं का, असं राजापुरात मला भेटेल त्याने विचारलं. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की मोहर दर वर्षी येतो, लेकीची पहिली संक्रांत एकदाच येते. हापूसची कलमं यजमानांवर सोपवली, हलव्याच्या दागिन्यांचा डबा मांडीवर घेतला आणि नाशिकला निघाले. प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. कोकमच्या आगळाची बाटली गळून शेजारच्या गृहस्थांच्या पांढऱ्या पँटवर नकाशा उमटला, तेवढंच. त्यांनी पुढचा सगळा रस्ता खिडकीबाहेर पाहून काढला.

लेकीचं सासर दिंडोरीच्या पुढे, द्राक्षांच्या पट्ट्यात. लेक श्रुती आणि जावई दोघंही बंगळूरला नोकरी करतात आणि सणापुरतेच दोन दिवस आले होते, त्यामुळे माझा खरा मुक्काम व्याही-विहिणींकडेच व्हायचा होता. व्याही भाऊसाहेब उंच, मिशाळ, मोकळ्या आवाजाचे. विहीण मंदाताई बुटक्या, चटपटीत. समोरच्याचं सगळं ऐकून घेतात आणि करतात मात्र आपल्याच मनासारखं. माझाही स्वभाव तसाच असल्यामुळे आमचं पहिल्या भेटीपासून जमलं आहे.

थंडी म्हणजे काय ते मला नाशिकला कळलं. आमच्याकडे पौषात पहाटे एक शाल पुरते. इथे मी दोन शाली आणि भाऊसाहेबांचा जुना स्वेटर घालून जेवायला बसले. ताटात भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा. आम्ही कोकणातली माणसं दिसेल त्यात नारळ घालतो, ही माणसं दिसेल त्यात शेंगदाण्याचं कूट घालतात. मी नेलेले नारळ मंदाताईंनी इतक्या आदराने उचलले की ते स्वयंपाकात न जाता देवापुढेच जाणार हे मी ओळखलं.

जेवण झाल्यावर भाऊसाहेब मला घरामागच्या बागेत घेऊन गेले. मांडवाखाली डोकं वाकवून चालायचं, दोन्ही बाजूंना हिरवेगार घड. मी हात पुढे केला तसे ते घाईने म्हणाले, "तिथली नको, विहीणबाई. इकडं या, घरच्या ओळीत."

कडेची एक ओळ त्यांनी घरच्यासाठी राखली होती. तिला औषध नाही किंवा अगदी नावापुरतं. आल्या-गेल्या पाहुण्यांना, देवाला, लेकरांना घड तिथलाच. या भागात बऱ्याच जणांकडे अशी ओळ असते, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. त्यांनी तोडलेला घड गोड होता. पण माझी जीभ सरळ राहत नाही.

"म्हणजे विकायचं एक आणि खायचं एक?" मी विचारलं.

भाऊसाहेब हसले. मागून मंदाताई शांतपणे म्हणाल्या, "म्हणून तर वरचा प्लॉट मी मागून घेतलाय यंदा. तिथं घरची ओळ नाय. सगळा प्लॉटच घरचा."

संक्रांत

सकाळी उठले ती कसल्याशा गर्जनेने. शेजारच्या बागेत ट्रॅक्टरला जोडलेला ब्लोअर सुरू झाला होता. ब्लोअर म्हणजे औषधाचं धुकं उडवणारा मोठा पंखा. तो आवाज कानावर पडला मात्र, भाऊसाहेबांनी अर्धा चहा ओट्यावर ठेवला आणि ते आपल्या ट्रॅक्टरकडे निघाले.

"काय झालं?" मी विचारलं.

"शेजारी मारतोय म्हंजे कायतरी आलंय."

"काय आलंय?"

"ते बघत बसलं तर घड जातो हातचा," असं म्हणून ते गेलेसुद्धा. मंदाताई त्यांच्या मागोमाग मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा अंगरखा घेऊन धावल्या आणि घालायला लावूनच परत आल्या.

मग चुलीपाशी बसून त्यांनी मला मागच्या हंगामातली गोष्ट सांगितली. तेव्हा भाऊसाहेब तोंडाला नुसता टॉवेल बांधून फवारत. एका सकाळी एकाच टाकीत दोन-तीन औषधं कालवली, वारा उलटा होता, आणि हे चालत्या ट्रॅक्टरवरून चक्कर येऊन खाली पडले. दवाखान्यातून घरी आणल्यावर मंदाताईंनी अट घातली. वरचा प्लॉट एका हंगामापुरता माझ्या ताब्यात. निर्यातीला गेला तर पुढच्या वर्षी दोन्ही प्लॉट माझ्या पद्धतीने. नाही गेला तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही.

"मी औषध बंद केलं नाय, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "पानांवर डाऊनीची बुरशी आली तेव्हा मारलंच की. नायतर पानं जातात सगळी. पण आधी पान बघून, एकच औषध, मापात. कानानं नाय फवारायचं, एवढंच माझं म्हणणं."

मला ते तंतोतंत पटलं, कारण आमच्याकडेही तेच चालतं. वाडीत एकाचा पंप सुरू झाला की दुसऱ्याचे हात शिवशिवतात. मी घरी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी चष्मा लावून मोठ्याने वाचते आणि यजमान वैतागतात.

दुपारी श्रुतीने काळी साडी नेसून हलव्याचे दागिने घातले. इतकी गोड दिसली की मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

कर

दुसऱ्या दिवशी लेक-जावई परत गेले आणि मंदाताई मला वरच्या प्लॉटात घेऊन गेल्या. सुरगाण्याहून आलेल्या बायका तिथे घडांवरची वाळकी पानं काढत होत्या. दुपारी त्यांनी फडकी सोडली, तर आत आमचीच नाचणीची भाकरी! इथे तिला नागली म्हणतात. एकीने तुकडा मोडून दिला. मी राजापूरची आहे म्हटल्यावर तिने विचारलं, "तुमच्याकडंबी डोंगर हाय का?" मी म्हटलं, आहे आणि पलीकडे समुद्रही आहे. तिचा समुद्रावर फारसा विश्वास बसला नाही.

वेलींची बाहेरची साल सोलून खोडं स्वच्छ केलेली होती. प्रत्येक खोडाला चिकट पट्टी गुंडाळलेली, तिच्यावर मुंग्या अडकलेल्या. काही वेलींना लाल फीत बांधलेली. मुंग्यांनी काय वाकडं केलं, असं मी विचारलं, कारण आमच्या कलमांवर तांबड्या मुंग्या राखणीला असतात आणि त्यांना आम्ही हात लावत नाही.

"इथल्या मुंग्या चोरांना सामील," मंदाताई म्हणाल्या.

चोर म्हणजे मिलीबग, पिठासारखा पांढरा ढेकूण; सालीच्या फटीतला एक बारीकसा त्यांनी मला दाखवला. तो वेलीचा रस पितो आणि चिकट गोड पाणी सोडतो. त्या गोडासाठी मुंग्या त्याची राखण करतात. घड चिकट होतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि तो घड कोणी घेत नाही. आणि हा नेमका मणी गोड व्हायला लागल्यावर घडात शिरतो, तेव्हा औषध मारावं तर त्याचा अंश फळात राहतो. म्हणून मंदाताईंनी बाहेरून भुंगे मागवून लाल फितीच्या वेलींवर सोडले होते. त्यातला एक भुंगाही त्यांनी मला दाखवला. मसुराच्या दाण्याएवढा, काळा, डोकं तांबूस. मिलीबग हेच त्याचं जेवण.

"आता निर्यातीच्या कंपनीचा नमुन्याचा माणूस परवा सकाळी येणार, घड तपासायला न्यायला," त्या म्हणाल्या. "त्यात औषधाचा अंश जास्त निघाला की माल गेला. आणि घडात मिलीबग दिसला तरी गेला. दोन्हीकडून."

एवढ्या धीराच्या बाईचा आवाज तेव्हा जरा हलला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, होईल सगळं नीट. खात्री होतीच मला.

वाण

दुसऱ्या दिवशी मंदाताई पहिल्या गाडीने नाशिकला गेल्या. हळदीकुंकवाचं वाण आणायचं होतं. वाण काय आणणार, ते सांगेनात. "बघालच," एवढंच म्हणाल्या.

मी पहाटेची उठणारी. चहाच्या आधी एकटीच वरच्या प्लॉटात गेले. लाल फितीच्या एका वेलीखाली वाकले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खोडावर, ओलांड्यावर म्हणजे आडव्या फांदीवर, एका घडाच्या देठाशीसुद्धा पांढरे झुबकेदार किडे फिरत होते. मेणासारख्या लोंब्या अंगभर. मंदाताईंनी दाखवलेल्या मिलीबगपेक्षा चांगले मोठे. म्हणजे भुंग्यांनी काही केलं नव्हतं आणि ढेकूण पोसले गेले होते! पुढच्या वेलीवरही तेच. मी दिसतील तेवढे अंगठ्याने चिरडले, हात पानांना पुसले आणि धावत घरी आले.

"भाऊसाहेब, वरचा प्लॉट पांढरा झालाय," मी म्हटलं.

आणि त्याच क्षणी शेजारचा ब्लोअर सुरू झाला.

भाऊसाहेबांनी कप ठेवला. "बघा! मी म्हणत होतो. त्यानं मारलं की त्याच्याकडले सगळे आमच्याकडं पळत येत्यात." ते औषधांच्या कपाटाकडे गेले, कुलूप उघडलं, एक बाटली काढून ओट्यावर ठेवली. कपाटाला कुलूप ही मंदाताईंचीच शिस्त होती. मंदाताईंना फोन लावला, तो लागेना.

मी सवयीने बाटली उचलली आणि चष्मा लावला. लाल त्रिकोण, म्हणजे सगळ्यात जहाल. सोबतची घडी घातलेली चिठ्ठी उलगडली. फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस जायला हवेत ते तिथे छापलेलं होतं. तोडणीला तेवढे दिवस उरलेच नव्हते.

"हे आता मारता येणार नाही," मी म्हटलं.

"सगळे मारत्यात, विहीणबाई. पाण्यानं धुतलं की जातं."

"उद्या नमुना आहे. ज्यासाठी मंदाताई वर्षभर राबल्या ते आज सकाळी घालवणार?"

"आणि ढेकणानं घालवलं तर? तुमीच बघून आल्या ना?"

मीच तर आग लावली होती. पण चिठ्ठीवर लिहिलेलं मला कळत होतं आणि प्लॉट ज्यांचा, त्या घरात नव्हत्या, हेही कळत होतं. मी बाटली कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. "मंदाताई आल्या की त्यांच्या हातात देईन. तोवर नाही."

व्याह्यांच्या घरी बसून व्याह्यांच्याच कपाटाची किल्ली घेणारी विहीण त्यांनी बापजन्मात पाहिली नसेल. त्यांच्या मिशा थरथरल्या. "दुपारच्याला वारं सुटतं. आत्ता नाय तर आज नाय," असं म्हणून ते बाहेर जाऊन खाटेवर पाठ करून बसले. पोहे केले ते त्यांनी खाल्ले नाहीत. मीही माझी ताटली झाकून ठेवली. माझ्यामुळे प्लॉट गेला तर श्रुती या घरात कुठल्या तोंडाने वावरेल, हा विचार पुन्हा पुन्हा येत होता. फोन मात्र लागत नव्हता.

मंदाताई आल्या तेव्हा ऊन चढलं होतं. मी अंगणातच सगळं सांगितलं, भाऊसाहेबांनी खाटेवरूनच. हातातली पिशवी तशीच घेऊन मंदाताई वर निघाल्या, आम्ही दोघं मागे.

लाल फितीच्या वेलीपाशी त्या गुडघ्यांवर बसल्या. पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. छोटं, मुठीत मावेल एवढ्या दांड्याचं भिंग होतं ते. त्यातून त्यांनी त्या पांढऱ्या किड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचे खांदे हलू लागले तेव्हा मला वाटलं, रडतायत. जवळ गेले तर हसत होत्या.

"बघा तुमीच," त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

त्या मेणाच्या लोंब्यांखाली सहा पाय होते आणि पुढे जबडा. त्या जबड्यात एक छोटा गुलाबी-पांढरा मिलीबग होता, खरा, आणि त्याचं जेवण चाललं होतं. मी भिंग बाजूच्या किड्यावर नेलं. तिथेही तेच.

"ही भुंग्यांची पिल्लं," मंदाताई म्हणाल्या. "आईबापावर गेली नायत. ढेकणासारखीच दिसतात, त्यांच्यात मिसळून त्यांनाच खातात. भुंगे देणाऱ्यानं सांगितलं होतं मला. तुमाला सांगायचं राह्यलं."

भाऊसाहेबांनी माझ्या हातातून भिंग घेतलं. वाकले, चष्मा वर केला, पुन्हा वाकले. मी मान खाली घालून म्हटलं, "मंदाताई, सकाळी मी यातली बरीच चिरडली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझी पोरं मारली, विहीणबाई तुमी," त्या म्हणाल्या आणि मग इतक्या खळखळून हसल्या की पलीकडच्या ओळीतल्या सुरगाण्याच्या बायका काम थांबवून बघू लागल्या. "पण किल्ली घेतली म्हणून बाकीची वाचली."

मी कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. उरलेले मिलीबग मंदाताईंनी आणि मी मिळून त्याच दुपारी घडांच्या देठांपासून ब्रशने काढले, भिंगातून एकेक ओळखून. भाऊसाहेबांनी न सांगता पाण्याची बादली आणून ठेवली आणि खाली जाऊन गार पोहे खाल्ले.

पिशवीत तशी पुष्कळ भिंगं होती. तेच वाण होतं.

नमुन्याचा माणूस दुसऱ्या दिवशी आला, इथून-तिथून घड कापून पिशवीत भरले आणि चहा घेऊन गेला. संध्याकाळी हळदीकुंकू झालं. गावातल्या बायका कुंकू लावून घेत, तिळगूळ घेत आणि वाण उघडून एकमेकींकडे पाहत. "हे काय नवीन गं, मंदा? वाटी नाय, डबा नाय?" एका वयस्क बाईंनी विचारलं. मंदाताईंनी टोमॅटोचं एक पान आधीच आणून ठेवलं होतं. ते भिंगाखाली धरलं. बघताबघता सगळ्या त्या पानावर ओणवल्या आणि उखाण्यांच्या ऐवजी अळी, अंडी आणि फुलकिडे यांची नावं घेऊ लागल्या. माझ्या सगळ्या आयुष्यात इतकं गोंगाटाचं हळदीकुंकू मी पाहिलं नव्हतं.

बायका गेल्यावर भाऊसाहेब दारातून डोकावले. "एखादं उरलंय का ओ?"

"वाण बायकांना असतं," मंदाताई म्हणाल्या.

"बघतो नुसतं," असं म्हणून त्यांनी एक उचललं ते सरळ खिशात टाकलं.

राजापूर

आता मी घरी आहे. मोहर भरात आहे आणि माझं भिंग कलमांखाली फिरतं आहे. फुलकिडे दिसले त्या झाडांनाच आम्ही फवारलं, सकाळी लवकर, मधमाश्या यायच्या आत. बाकी झाडं तशीच ठेवली. यजमान आधी कुरकुरले, मग भिंग मागून घेऊ लागले. वाडीतले दोघं-तिघं येऊन बघून गेलेत. पुढच्या संक्रांतीला माझ्या वाणात काय असणार, ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

काल नाशिकहून लाकडी पेटी आली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले घड. मी लगेच फोन लावला.

"पोचली पेटी, मंदाताई. घरच्या ओळीतली का?"

"नाय ओ. वरच्या प्लॉटातली. नमुना पास झाला. जी कंपनीला गेली तीच तुमाला."

मी एक मणी तोंडात टाकला, तेवढ्यात फोनमध्ये मागे तोच ओळखीचा आवाज सुरू झाला. ब्लोअर.

"काय हो, भाऊसाहेब लागले फवारायला?"

"शेजारचा हाय तो," मंदाताई म्हणाल्या. "आमचे अर्धा चहा टाकून गेलेत बागेत. भिंग घेऊन."